गोळी राखून ठेवण्यात शहाणपण नाही

पार्किन्सनचं निदान झालं की नातेवाइकांचा सल्ला लगेच येतो: ‘लेव्होडोपा इतक्यात सुरू करू नका. चार-पाच वर्षांत असर संपतो, मग पुढे काय घेणार?’ मी ही गोळी घेतो आणि हा सल्ला मला साफ चुकीचा वाटतो. या आजारात मेंदूतल्या डोपामिन बनवणाऱ्या पेशी मरत जातात. बाहेरून दिलेलं डोपामिन रक्तातून मेंदूत शिरत नाही. लेव्होडोपा शिरतं आणि आत त्याचं डोपामिन होतं. वाटेतच ते होऊन मळमळू नये म्हणून सोबत कार्बिडोपा असतं. सुरुवातीला उरलेल्या पेशी हा माल साठवून गरजेप्रमाणे सोडतात. पेशी घटल्या की साठवणही घटते. मग रक्तात सुमारे दीड तासात निम्मं होणाऱ्या औषधाच्या चढउतारावर चालणंफिरणं अवलंबून राहतं. पुढच्या गोळीआधी पाय जमिनीला खिळतात ते यामुळे. औषध तेच असतं, कोठार रिकामं झालेलं असतं.

हा नुसता तर्क नाही. घानामध्ये औषध उशिरा मिळालेल्या आणि इटलीत लवकर मिळालेल्या रुग्णांची तुलना 2014 साली प्रसिद्ध झाली. गोळीचा असर मध्येच उतरण्याचा त्रास दोन्हीकडे आजाराच्या साधारण सारख्याच टप्प्यावर सुरू झाला होता. नेदरलँड्समध्ये 445 रुग्णांपैकी काहींना लगेच, तर काहींना 40 आठवड्यांनी लेव्होडोपा दिलं. 80 आठवड्यांनंतर दोन्ही गटांत फरक दिसला नाही. म्हणजे गोळी आजार थोपवत नाही, पण वाढवतही नाही. थांबणाऱ्यांनी मधले महिने मात्र उगाच त्रासात काढले.

अंग आपोआप वळवळतं ते गोळीमुळेच ना, असं कुणी विचारेल. आक्षेप खरा आहे. तरुण वयात आजार जडला किंवा डोस मोठा असला तर हा धोका वाढतो. पण त्यावरून डोस बेताचा ठेवावा एवढंच ठरतं. काही डॉक्टर तरुणांना आधी वेगळी औषधं देतात. त्यांतून काहींना जुगाराचा किंवा खरेदीचा अनावर नाद लागतो, हे घरच्यांना आधी सांगायला हवं. खाजकुइलीचं बी ‘नैसर्गिक’ म्हणून घेणारे तर लेव्होडोपाच घेतात, फक्त न मोजता आणि कार्बिडोपाशिवाय.

‘गोळी चालेनाशी झाली’ असं वाटलं तर आधी ती दूध-डाळीसोबत घेतली जाते का ते पाहा. प्रथिनांमुळे तिचं शोषण अडतं. आणि स्वतःच्या मनाने ती अचानक बंद करू नका. त्याने तीव्र ताठरपणा आणि ताप येऊन जिवावर बेतू शकतं.