सन १३१० म्हणजे नेमके कधी?

संपादकांना वंशावळींवर ‘काहीतरी रंजक’ हवे आहे. २०२३ मध्ये मराठा समाजाच्या कुणबी दाखल्यांसाठी न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली, जुन्या कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला आणि आम्हा मोडी वाचणाऱ्यांना एकाएकी भाव आला. रात्री-अपरात्री मोबाइलवर पानांचे फोटो येतात. सोबत एकच प्रश्न : “यात आमचे पणजोबा आहेत का?” हैदराबाद गॅझेटचा आधार घेणाऱ्या २ सप्टेंबर २०२५ च्या शासन निर्णयानंतर तर लोक त्या गॅझेटमध्येच पणजोबा शोधायला सांगतात. त्यात जातवार लोकसंख्या आहे, माणसांची नावे नाहीत, हे कितीही सांगा, पटत नाही.

मुळात जुने कागद वंशजांसाठी लिहिलेले नाहीत. महसुली पत्रके साऱ्यासाठी. तीर्थोपाध्यायांच्या वह्या यजमान आपलाच हे दाखवण्यासाठी. इंग्लंडात थॉमस क्रॉमवेलने १५३८ मध्ये गावोगावच्या चर्चना बाप्तिस्मा, लग्न, दफन नोंदवायला लावले. त्यामुळे तिथला मजूरही वहीत सापडतो. आपल्याकडे जमीन नाही, वतन नाही, यात्रेला पैसा नाही, त्याचा कागदही सहसा नाही. लेकींची नावे तर क्वचितच.

त्यात मोडीत शब्द तोडलेले नसतात, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नसतो. निजामी दफ्तर उर्दूत. मोडीतला ‘बिन’ तिथे ‘वल्द’ होतो. हेही एक वेळ जमते. खरा घोळ सनाचा.

हैदराबाद संस्थानात महसुलाला फसली सन चाले. वर्ष ऑक्टोबरच्या सुमारास बदले, म्हणून ५९० किंवा ५९१ मिळवायचे. फसली १३१० म्हणजे १९००–०१. तोच आकडा हिजरी धरला तर १८९२–९३. हिजरीत ठरावीक आकडा मिळवूनही भागत नाही. ते चांद्र वर्ष दर वर्षी दहा-अकरा दिवस मागे सरकते. शके असेल तर ७८. कागदावर मात्र नुसते ‘सन १३१०’. आकडेमोड पुरे, असे संपादक म्हणतील. पण याच आठ वर्षांवरून पैठण तालुक्यातले एक कुटुंब माझ्यावर रुसले आहे.

त्यांच्याकडच्या १३१० च्या पानावर खातेदार सखाराम वल्द रामजी (नावे बदलली आहेत). घरच्या समजुतीप्रमाणे पणजोबा सखाराम १८८० च्या सुमारास जन्मले. फसली धरले तर ते विशीतले, खातेदार शोभतात. कोणीतरी हिजरी धरले, बारा वर्षांचा पोरगा खातेदार कसा म्हणून हा जुना, वेगळा सखाराम ठरवला आणि वंशावळीत दोन पिढ्या वाढवल्या. नातवाला आज्याचे नाव ठेवायची रीत असल्याने साखळी खरी वाटतेच. पान महसुली, म्हणून मी फसली धरून त्या दोन पिढ्या कापल्या. “आमचे पूर्वज पुसायला तुम्हाला बोलावलं होतं का?” थोरले काका म्हणाले.

त्या पिढ्या नव्हत्याच, असे मी म्हणत नाही. या पानाने त्या सिद्ध होत नाहीत, इतकेच. माझ्या टिपणात ‘बहुधा’ होते. कुणबी दाखल्याच्या अर्जाला ‘बहुधा’ चालत नाही. भावकीतल्या दुसऱ्या घरी सारा भरल्याच्या जुन्या पावत्या आहेत का बघा, असे मी सुचवले. ते दुसऱ्या वाचकाकडे गेल्याचे ऐकतो.