खासगी, गोपनीय आणि आम्ही

गेली दोन वर्षे आम्ही दोघे एका सल्लागार मंडळावर विनावेतन काम करीत आहोत. विदा-संरक्षणाच्या व्यवसायातील काही वकिलांनी आणि संगणकतज्ज्ञांनी ते स्थापन केले. या व्यवसायातली बहुतेक माणसे एकाच शहरी, इंग्रजी वळणाची आहेत, हे त्यांच्याच ध्यानात आले. म्हणून त्यांनी वेगळ्या पार्श्वभूमीच्या माणसांना बोलावले. कृष्णा-तारळीच्या संगमावरील उंब्रजला राहून मराठी शिकवणाऱ्या प्राध्यापकांचे तेथे काय काम, असा प्रश्न सहकाऱ्यांना पडला. तो आम्हांलाही पडला होता.

उत्तराची सुरुवात शब्दांपासून झाली. 'प्रायव्हसी'ला 'गोपनीयता' हा प्रतिशब्द रूढ आहे. त्यातील 'गुप्' धातूचा मूळ अर्थ रक्षण करणे. पण आज त्या शब्दाला लपवाछपवीचा वास येतो. 'खासगी'ची कथा निराळी. मराठेशाहीत राजघराण्याच्या स्वतःच्या मिळकतीचा कारभार म्हणजे खासगी. म्हणजे तो शब्द वाड्यातला, वस्तीतला नव्हे. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने पुट्टस्वामी खटल्यात खासगीपणा हा प्रत्येकाचा मूलभूत हक्क ठरविला, तेव्हा तो शब्द खऱ्या अर्थाने वाड्याबाहेर पडला, असे आम्ही वर्गात सांगतो.

वस्तीत तो कितपत पोहोचला? एका महाविद्यालयात शिष्यवृत्तीची यादी प्रवर्गाच्या रकान्यासकट सूचनाफलकावर लागली आणि तासाभरात विद्यार्थ्यांच्या भ्रमणध्वनींवरून फिरू लागली. एक विद्यार्थिनी आमच्याकडे येऊन म्हणाली, "सर, शिष्यवृत्ती नको, पण नाव काढायला सांगा." यादीचे समर्थन करणाऱ्यांचा प्रश्न होता : यात लपवण्यासारखे काय आहे? हा प्रश्न ज्यांचे काही जात नाही, तेच विचारतात. गावात आडनावावरून सारे कळतेच, हेही खरे. पण गावाला ठाऊक असणे आणि संस्थेने ते जाहीर करणे, यांत अंतर आहे.

हा प्रसंग आम्ही मंडळापुढे मांडला, तेव्हा खरी अडचण उभी राहिली. व्यवसायात कोण आहे आणि कोण नाही, हे मोजायचे तर जात, लिंग, धर्म, भाषा विचारावी लागणार. आणि विचारणे म्हणजे खासगीपणाच्या रक्षकांनीच उंबरा ओलांडणे. न विचारावे, तर आहे तीच रचना तटस्थतेच्या नावाखाली टिकते. बऱ्याच वादानंतर ठरले ते असे : माहिती ऐच्छिक असावी, नावाशी जोडलेली नसावी, 'सांगू इच्छित नाही' हा पर्याय असावा, आणि गट इतका लहान असेल की आकड्यावरून माणूस ओळखू येईल, तर आकडाही प्रसिद्ध करू नये. पूर्ण समाधान कोणाचेच झाले नाही.

२०२३च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यात संमतीची सूचना इंग्रजीत किंवा आठव्या अनुसूचीतील कोणत्याही भाषेत वाचता येण्याची तरतूद आहे. व्यक्तीसाठी या कायद्याने 'शी' हे स्त्रीलिंगी सर्वनाम योजले आहे. मराठीत मात्र सर्वनामापाशी काम संपत नाही. क्रियापदालाही लिंग सांभाळावे लागते. कायद्यातील विदा संरक्षण मंडळाचा किमान एक सदस्य कायदेतज्ज्ञ असावा, अशी अट आहे. पण सदस्य कोणत्या समाजगटांतून वा प्रदेशांतून यावेत, याविषयी कायदा बोलत नाही. आमच्यासारख्या लहान मंडळांचे प्रयोजन या मौनात आहे.

तरीही एक शंका छळते. तेथील कागदोपत्री आमच्या नावांपुढे 'ग्रामीण' असे लिहिले आहे. दरमहा वेतन घेणाऱ्या दोन प्राध्यापकांनी त्या मुलीच्या वतीने किती काळ बोलावे? पुढल्या वर्षी आमची मुदत संपते. त्या जागांवर नुकतेच पदवीधर झालेले, त्या यादीत कधी काळी नाव असलेले कोणी यावे, आणि आपली ओळख सांगायची की नाही हे त्यांचे त्यांनीच ठरवावे, असा प्रस्ताव आम्ही दिला आहे.