तारांचा संसार

आमच्या सदाशिव पेठेंतील घरांत माणसें नऊ आणि वाद्यें अकरा! हा हिशेब माझा नव्हे, वहिनींचा. गेल्या दिवाळीपूर्वीं माळा झाडतांना त्यांनीं तो मोठ्यानें मांडला, आणि पुढें कित्येक दिवस येणाऱ्या पाहुण्यांना चहाबरोबर तो ऐकावा लागे. दोन तंबोरे, तीन सतारी, एक दिलरुबा आणि पांच गिटारी. तंबोऱ्या-सतारींबद्दल कोणाची तक्रार नाहीं. त्या मिरजेच्या, आणि मिरजेच्या सतारीला व तंबोऱ्याला २०२४ सालीं भौगोलिक मानांकन मिळाल्यापासून दादांनाही त्यांचा अभिमान वाटूं लागला आहे. सर्वांचा रोष तो गिटारींवर.

वास्तविक हें वाद्य आम्हांला अगदींच परकें नाहीं. चांगल्या गिटारीची पाठ व कुशी पूर्वीं ब्राझिलांतील शिसवीच्या करीत. तें लाकूड दुर्मिळ झालें तेव्हां अमेरिकेंतील मार्टिन कंपनीनें आपल्या नेहमींच्या नमुन्यांसाठीं १९६९ सालीं हिंदी शिसव स्वीकारली. म्हणजे आजोबांच्या झोपाळ्याची फळी आणि माझ्या गिटारीची पाठ हीं एकाच कुळांतलीं! तोंडाची पातळ फळी मात्र थंड प्रदेशांतील स्प्रूस झाडाची. पुण्याच्या पावसाळ्यांत ती दमटपणानें फुगते, वैशाखांत आकसते. म्हणून ऋतु पाहून तिची निगा राखावी लागते. रात्रीं निजानीज झाल्यावर दार लोटून मी वाजवावयास बसतों. शिसवी पाठ पोटाशीं धरली असतां खर्जाच्या तारेचा कंप थेट छातींत उतरतो. हें सुख सतारींत वेगळें आहे, कमी नव्हे. पण खरें सांगावयाचें तर पांचांपैकीं मी वाजवीत असें त्या दोनच.

पांचवी घेतली ती श्रावणांत. दादांना किंमत सांगितली ती निम्मी. त्याच आठवड्यांत वहिनींनीं, यंदा खर्च फार झाला म्हणून, आपल्या मोतीबिंदूची शस्त्रक्रिया पुढें ढकलली. मी ऐकलें आणि गप्प राहिलों.

मनाची समजूत घालण्यास माझ्यापाशीं दिनकर केळकरांचें उदाहरण होतें. बाजीराव रस्त्यावरील त्यांच्या संग्रहालयांत वाद्यांचें दालन आहे. तेथें मी अनेकदां रेंगाळलों आहें. दिवाळीनंतर पुन्हां गेलों, आणि या वेळीं पाय तेथें ठरेना. केळकरांनीं जन्मभर जमविलेला संग्रह १९७५ सालीं सरकारच्या स्वाधीन केला, आणि त्याला नांव दिलें तें बालवयांत गेलेल्या आपल्या राजाचें. माझ्या पेट्यांना कुलुपें होतीं, आणि किल्ल्या माझ्या जानव्याला!

त्या रात्रीं वहिनींना सर्व सांगितलें. त्या तांदूळ निवडीत होत्या. ताट डोळ्यांच्या अगदीं जवळ धरलेलें.

“भावजी, पावती तुमच्या सदऱ्याच्या खिशांत मिळाली होती. तुम्ही केव्हां सांगतां, याची मी वाट पाहत होत्यें.”

“दादांना ठाऊक आहे?”

“तें तुम्हीच सांगा.”

दादांना सांगणें अधिक कठीण गेलें. ते तीन दिवस माझ्याशीं बोलले नाहींत. गिटार कोथरूडच्या एका विद्यार्थ्यानें नेली. त्यानें ओटीवर बसून ती वाजवून पाहिली, आणि ती माझ्याकडे कधीं वाजली नव्हती इतकी चांगली वाजली. याचें वाईट वाटलें, तें लपवीत नाहीं.

मार्गशीर्षांत शस्त्रक्रिया झाली. पट्टी उतरल्यावर वहिनींनीं घरीं येतांच माळ्याकडे नजर टाकली आणि बोटें मोजून म्हणाल्या, “दहा.” मोकळ्या झालेल्या जागीं आतां पापडांचे डबे आहेत.