वेरूळची गढी पाहिलीत का?

वेरूळला जाणारी बहुतेक मंडळी लेणी पाहतात, घृष्णेश्वराचे दर्शन घेतात आणि परतीची एस.टी. गाठतात. जवळच मालोजीराजे भोसल्यांची गढी आहे, तिकडे फारसे कोणी वळत नाही. शेतकरी कुटुंबाने मात्र ती अवश्य पाहावी, कारण मुळात ते एका पाटलाचे घर आहे.

छत्रपती संभाजीनगरहून वेरूळ सुमारे ३० किलोमीटर. दौलताबाद, खुलताबाद मागे टाकून घाट उतरला की गाव लागते. सकाळच्या गारव्यात लेण्यांपासून पायी निघावे. ३४ लेणी डोंगराच्या कडेने सुमारे २ किलोमीटर पसरली आहेत. मंगळवारी ती बंद असतात, हे ध्यानात ठेवावे. तेथून देऊळ जेमतेम एक किलोमीटर. मालोजीराजांनी या देवळाचा जीर्णोद्धार केला, पुढे अठराव्या शतकात होळकरांनी केला. गावातले अहिल्याबाईंचे तीर्थकुंडही पाहावे. पायऱ्या उतरताना मुलांचा हात धरावा.

मग गढीवर यावे. आज तिथे वाडा उभा नाही. उंचवटा, पायाच्या भिंती आणि शहाजीराजांचा पुतळा, एवढेच दिसेल. मालोजींचे वडील बाबाजी यांच्याकडे वेरूळची पाटीलकी होती. मालोजी निजामशाहीत सरदार झाले. त्यांचे पुत्र शहाजीराजे, आणि १६३० साली शिवनेरीवर जन्मलेले शिवराय हे त्यांचे नातू.

आपण शेताला काळी म्हणतो आणि गावठाणाला पांढरी. पिढ्यान्‌पिढ्यांची राख, शेण, केरकचरा मुरल्याने पांढरीच्या मातीत स्फुरद चांगला असतो. म्हणूनच विस्ताराच्या कामात फिरताना मी गावोगाव पाहिले, की गढीची माती गाड्या भरभरून रानात गेली. पीक एक-दोन हंगाम जोमदार आले असेल, पण बुरूज गेला, भिंत गेली, खापरे-नाणी ढेकळांत हरवली.

बंधू-भगिनींनो, स्फुरद शेणखतातून मिळतो, सुपर फॉस्फेटच्या पोत्यातून मिळतो. गढी मात्र पुन्हा उभी राहत नाही. वेरूळ पाहून घरी आलात की आपल्या गावच्या गढीवरही मुलांना घेऊन एक फेरी मारा. तिथे कुदळ चालू असेल, तर चार जाणत्यांना घेऊन ती थांबवा.