कानावर हात, आठ तास!

सोमवार, सकाळचे साडेदहा. हिंजवडीतल्या आमच्या ऑफिसचा तिसरा मजला. डावीकडचा सहकारी सिंगापूरच्या क्लायंटला स्पीकरवर तिसऱ्यांदा 'कॅन यू हिअर मी?' विचारतोय. (त्याला ऐकू येतंय का ते माहीत नाही, आम्हा सगळ्यांना नक्की येतंय!) उजवीकडे कुणाच्या तरी साखरपुड्याच्या मेन्यूवर गंभीर चर्चा चाललीय. डोक्यावर एसीची घरघर, मागे कॉफी मशीनची घुरघुर. आणि मी? मी एक्सेलच्या एकाच ओळीकडे चौथ्यांदा बघतेय.

ओळखीचं वाटतंय ना? ओपन ऑफिसात बसणाऱ्या प्रत्येकाची हीच कहाणी. केबिन मिळायला अजून दोन प्रमोशन्स लागणार. तोपर्यंत कानांचं काय?

आधी माझ्याकडे इयरबड्स होते. तेच ते, कानात खुपसायचे. दिवसभर घालायचे, आवाज वाढवत न्यायचा आणि संध्याकाळी कंपनीच्या बसमध्ये आणखी दोन काड्या वर. याचा शेवट व्हायचा तोच झाला. आधी खाज, मग ठणका, मग इएनटी डॉक्टर. "महिनाभर कानात काही म्हणजे काहीही घालायचं नाही. आजीने सांगितलं तरी तेलसुद्धा नाही!" असं बजावून त्यांनी ड्रॉप्स लिहून दिले.

म्हणजे आता एकच पर्याय. कानाच्या आत नाही, कानाभोवती बसणारा हेडफोन. ओव्हर-इयर, तोही नॉइज कॅन्सलिंगवाला. किमती बघितल्या आणि पोटात गोळाच आला. चांगल्या मॉडेलसाठी वीस-तीस हजार! एवढ्या पैशांत गोव्याची एक ट्रिप होते हो. मग ठरवलं, आधी परीक्षा घ्यायची आणि मगच पाकिटाला हात लावायचा.

दुकानात पाच मिनिटं घालून बघण्यात काही अर्थ नाही. दुकानातल्या गुळगुळीत फरशीवर चपला कधी चावतात का? चावतात त्या लक्ष्मी रोडवर, तिसऱ्या तासाला. म्हणून मी उसनवारी केली. एक हेडफोन मैत्रिणीचा, एक मामेभावाचा, एक टीममधल्या मुलाचा. प्रत्येकाला ऑफिसचा एक पूर्ण दिवस दिला.

पहिला हेडफोन दिसायला झक्कास! पण डोक्याला असा काही आवळायचा की दुपारी दोनला माझ्या कानामागे चष्म्याच्या काड्यांचे ठसे उमटले. चष्मेवाल्यांनो, हे आधी वाचा. हेडफोनची पकड आणि चष्म्याची काडी यांचं वैर असतं. पकड घट्ट असेल तर काडी रुतते. सैल असेल तर काडीच्या बाजूने फट राहते, तिथून बसचा घूं-घूं आत शिरतो आणि नॉइज कॅन्सलिंगवर पाणी पडतं. जाड फ्रेम असेल तर हा त्रास दुप्पट. ट्रायल घेताना रोजचाच चष्मा घालून जा, लेन्स लावून नाही.

दुसऱ्याची पकड छान होती. पण त्याच्या कपची खोली कमी. म्हणजे काय, तर कान आत जाऊन कापडाला टेकायचा. पहिल्या तासात कळत नाही. तिसऱ्या तासात कानाची पाळी 'सोड मला' म्हणते. शिवाय एप्रिलचा पुण्यातला उन्हाळा! रेक्झिनसारख्या गाद्यांच्या आत कान चक्क घामेजले. कापडी गाद्या हवेशीर असतात, पण त्या कानाभोवती तितक्या घट्ट बसत नाहीत आणि बाहेरचा आवाज आत येऊ देतात. इथे तडजोड करावीच लागते. मी दर तासाला पाच मिनिटं हेडफोन काढून पाणी प्यायला जायची सवय लावून घेतली. कानांना हवा, पायांना व्यायाम.

तिसऱ्याच्या बाबतीत वेगळीच गंमत. स्विच ऑन केला की कान दडल्यासारखे वाटायचे, लिफ्ट झपकन वर गेल्यावर वाटतात तसे. हवेचा दाब खरं तर तसूभरही बदललेला नसतो. पण काही जणांना हे जाणवतं आणि काहींना मुळीच नाही. जाणवत असेल तर कॅन्सलिंगची पातळी कमी करता येणारं मॉडेल बघा. मला दोन दिवसांत सवय झाली.

आता वजन. हा मुद्दा कुणी गंभीरपणे घेत नाही, पण आठ तास डोक्यावर वागवायचं म्हणजे चेष्टा नाही. सोनीचा डब्ल्यूएच-१०००एक्सएम५ साधारण २५० ग्रॅमचा, सेनहायझरचा मोमेंटम ४ साधारण २९३ ग्रॅमचा आणि अॅपलचा एअरपॉड्स मॅक्स तर ३८५ ग्रॅमच्या घरात. पाव किलो आणि दीड पाव यातला फरक भाजीच्या पिशवीत कळत नाही, मानेला मात्र कळतो. अर्थात नुसता आकडा बघूनही चालत नाही. डोक्यावरच्या पट्टीची गादी वजन कसं वाटून देते, यावर बरंच काही अवलंबून असतं.

आणि ते नॉइज कॅन्सलिंग म्हणजे नेमकं काय जादू आहे? जादू कसली, साधं गणित आहे. हेडफोनमधले माइक बाहेरचा आवाज टिपतात आणि आतला स्पीकर त्याच्या बरोब्बर उलटी लाट सोडतो. दोन्ही लाटा एकमेकींना खोडून टाकतात. कल्पना जुनी आहे. पॉल ल्यूग नावाच्या जर्मन माणसाला याचं अमेरिकन पेटंट १९३६ मध्येच मिळालं होतं. हेडफोनमध्ये ती आणण्याचं डोक्यात घेतलं ते अमर बोस यांनी. बंगालमधून अमेरिकेत गेलेल्या स्वातंत्र्यसैनिकाचा हा मुलगा एमआयटीत प्राध्यापक होता. १९७८ मध्ये झुरिकहून परतताना विमानात मिळालेल्या हेडफोनवर इंजिनाच्या आवाजात गाणं नीट ऐकू येईना, म्हणून त्यांनी तिथेच कागदावर गणित मांडायला घेतलं. त्यांच्या कंपनीचा वैमानिकांसाठीचा हेडसेट १९८९ मध्ये आला आणि तुमच्या-आमच्यासारख्यांसाठीचा क्वाएटकम्फर्ट २००० मध्ये.

पण एक भ्रम आधीच दूर करते. ही उलटी लाट एकसुरी, खर्जातल्या आवाजावर छान चालते. एसी, पंखा, बसचं इंजिन, सगळं गायब. माणसांचं बोलणं मात्र पूर्ण जात नाही, लांब जातं इतकंच. साखरपुड्याचा मेन्यू शेजारच्या टेबलावरून शेजारच्या बिल्डिंगमध्ये गेला असं समजा. मठ्ठा की सोलकढी, हे तरीही कळतंच.

हं, तर परीक्षा इथे संपायला हवी होती. पण मग आला शुक्रवार. वर्क फ्रॉम होम.

चिंचवडला आमच्या घरात ऑफिसपेक्षा जास्त आवाज असतो, कारण बाबांचा टीव्ही. बातम्या सुरू झाल्या की खालच्या मजल्यावरच्या काकूंनाही हेडलाइन्स कळतात. "बाबा, आवाज कमी करा ना!" हे वाक्य मी गेली चार वर्षं रोज म्हणतेय आणि खरं सांगायचं तर शेवटी शेवटी ओरडूनच. ते कमी करतात, दहा मिनिटांत पुन्हा वाढतो. मला वाटायचं, मुद्दामच करतात.

त्या दिवशी मी तिसरा हेडफोन लावून मीटिंगमध्ये होते. आई बाहेर गेलेली. जाताना सांगून गेली, "तीन शिट्ट्या झाल्या की कुकर बंद कर." मी मीटिंग संपवून स्वयंपाकघरात गेले तेव्हा डाळ कुकरच्या तळाशी काळी झाली होती. बाबा चार पावलांवर बसलेले. त्यांनाही एकही शिट्टी ऐकू आली नव्हती.

माझ्या कानावर हेडफोन होता. त्यांच्या कानावर तर काहीच नव्हतं.

कुकर घासता घासता मी गमतीत म्हटलं, "बाबा, तुम्हीही लावून बघा. टीव्हीचा आवाज थेट कानात जाईल, मग खालच्या काकू सुटतील." त्यांनी हौसेने लावला. मी स्विच ऑन केला. पंखा गेला, रस्ता गेला. मला वाटलं, आता 'वा!' म्हणतील. त्यांनी मिनिटभर डोळे मिटले आणि हेडफोन काढून माझ्या हातात दिला.

"नको गं. यात तर शिट्टी फारच मोठी येते."

"कसली शिट्टी?"

"कानातली. रात्री असते ना, तीच."

बाबांनी भोसरीत एकतीस वर्षं प्रेस शॉपमध्ये काढली. पत्रा, डाय आणि दर काही सेकंदांनी धाडकन पडणारा प्रेस. कानात काय घालायचे? कापसाचे बोळे. कापसाने फारसं काही अडत नाही, पण तेव्हा सगळेच तसं करायचे. रिटायर झाल्यापासून रोज रात्री कानात बारीक शिट्टी वाजते. टीव्ही मोठा लावला की ती दबते, म्हणून टीव्ही मोठा. चार वर्षं मी त्यांना आवाज कमी करायला सांगत होते आणि ते एकदाही म्हणाले नाहीत की मला शांतता सोसत नाही.

"सांगितलं का नाही?"

"सांगून काय करणार होतीस? वय झालं."

पुढच्या आठवड्यात माझ्याच इएनटी डॉक्टरांकडे त्यांना नेलं. काचेच्या बंद खोलीत बसवून कानाची तपासणी झाली. आलेख वरच्या पट्टीत धाडकन खाली घसरलेला. डॉक्टर म्हणाले, मोठ्या आवाजात वर्षानुवर्षं काम केलेल्यांचा आलेख बहुतेकदा असाच दिसतो. आतल्या कानातल्या सूक्ष्म केसांच्या पेशी एकदा मेल्या की माणसात पुन्हा उगवत नाहीत. शिट्टी पूर्ण जाईल असं नाही, पण श्रवणयंत्राने ऐकू येणं सुधारेल आणि बाहेरचे आवाज परत आले की बऱ्याच जणांना शिट्टीचा त्रासही कमी वाटतो.

मग माझ्याकडे वळून म्हणाले, "आणि मॅडम, तुम्ही किती आवाजात ऐकता?"

घरी येऊन फोनमधली नोंद बघितली आणि गप्प बसले. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने मोठ्या माणसांसाठी ८० डेसिबलची मर्यादा आठवड्याला ४० तास. त्यावर आवाज दर ३ डेसिबलने वाढला की वेळ निम्मा. माझे इयरबड्स बसमध्ये त्याच्या बरेच वर असायचे. बाबांना प्रेसचा आवाज पगारासाठी सोसावा लागला. मी तर स्वतःच्या पगारातून विकत घेत होते.

तेव्हा कुठे मला या वस्तूचा खरा उपयोग कळला. बाहेरचा गोंगाट कमी झाला की गाण्याचा आवाज वाढवावा लागत नाही. हेडफोन शेवटी घेतलाच. हलका, खोल कपांचा, काडीला न रुतणारा, गाद्या बदलता येणारा. बसमध्ये आधी आवाज ८० टक्क्यांवर असायचा, आता ४५ वर भागतं. घरी मात्र नियम वेगळा. मीटिंग असेल तरच कानावर, तेही बाहेरचा आवाज आत सोडणारा मोड लावून. कुकरची जबाबदारी माझी.

बाबांचं श्रवणयंत्र सध्या ट्रायलवर आहे. तेही दिवसभर घालून, वाचक हो, पाच मिनिटं नाही! पहिल्या दिवशी त्यांना पातेल्याचा आवाज नकोसा झाला, दुसऱ्या दिवशी चिमण्या आवडल्या. टीव्ही बऱ्यापैकी खाली आलाय. काल मी शेजारी लॅपटॉप घेऊन बसले होते, तर वैतागून म्हणाले,

"अगं, केवढ्याने टाइप करतेस! आवाज कमी कर ना जरा."