गराचा दाटपणा

स्मूदीची कुठलीही पाककृती काढा, फळांच्या पाठोपाठ ‘एक वाटी दही’ आलंच. कुठलं दही, ते मात्र लिहिलेलं नसतं, आणि सगळी गोम तिथेच आहे. हा प्रकार जिथून आपल्याकडे आला तिथे स्मूदीत पडतं ते बरेचदा पाणी निथळून घेतलेलं, चमचा उभा राहील असं दही. आपल्या भाषेत जवळपास चक्काच. घरी रात्री विरजलेलं दही वेगळं. ते कितीही घट्ट लागलेलं असो, पळीने एक कोपरा काढला की त्या खळग्यात थोड्या वेळात निवळी जमते. दुधातल्या केसीन नावाच्या प्रथिनाची जाळी होते, तिच्यात पाणी अडकून बसतं, आणि त्यालाच आपण घट्टपणा म्हणतो. जाळी मोडली की पाणी मोकळं. रवी पिढ्यान्‌पिढ्या हेच करत आली. मिक्सर ते अर्ध्या मिनिटात करतो. दाटपणासाठी दही घालायचं आणि मग तेच घुसळायचं, या उद्योगातून पदरात पडतं ते फळांचं ताक. ताकाला माझा विरोध नाही, पण ते ताक म्हणून प्यावं, जिरं-मीठ घालून.

दाटपणा हवा असेल तर तो फळाच्या गरात शोधावा. गरात पेक्टिन असतं, पेशींच्या भिंतींचा बारीक चोथा असतो, आणि हे सगळं पाण्याला धरून ठेवतं. पिकलेल्या केळ्यात तर बहुतेक पिठूळ भागाची साखर झालेली असते आणि उरतो तो मऊ लगदा. शिकरण दह्यावाचून कधी अडलं नाही आणि आमरसात दही घालायचं कुणाच्या मनातही आलं नाही. फार तर वरून चमचाभर तूप. केळ्याचे काप रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवले तर साखरेमुळे त्यांचा बर्फासारखा दगड होत नाही. मिक्सरमध्ये आधी त्यांचा कोरडा भुगा होतो, भुगा कडेला चिकटतो, चमच्याने दोनदा खाली ढकलावा लागतो, आणि मग एकाएकी पात्याभोवती गुळगुळीत, पांढुरका लगदा फिरायला लागतो. पातळ काही घालायचं ते त्यानंतर, बेताने. आधीच पेलाभर दूध ओतणाऱ्याला मग दह्याची आठवण होणारच.

अहिल्यानगर जिल्ह्यात राहून दह्याविरुद्ध बोलणं थोडं धाडसाचंच. संगमनेर, अकोले, राहात्याकडे दुधाच्या गाड्या पहाटेपासून धावतात. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने गीर, जर्सी आणि होल्स्टिन यांच्या संकरातून ‘फुले त्रिवेणी’ गाय तयार केली. पण फळंही याच मातीत आहेत, आणि प्रत्येकाचं काम वेगळं. राहात्याचा पेरू पेक्टिनने भरलेला. मात्र त्याच्या गरात दाताखाली येणारी कणी असते आणि बिया तर दगडच. तो नुसता फिरवून गाळणीवर घासून घ्यावा. पेरूच्या आंबटपणाने दूध नासू शकतं, म्हणून त्याला जोड गोठवलेल्या केळ्याची द्यावी आणि चिमूटभर काळं मीठ. राहुरीच्याच विद्यापीठाचं ‘भगवा’ डाळिंब दाटपणाला काही कामाचं नाही, पण दुधाच्या जागी त्याचा रस वापरता येतो. दह्याशिवाय आंबूस चव कुठून आणायची, असं विचारणाऱ्यांना उत्तर इथेच मिळतं. चरकसंहितेने सूत्रस्थानात दुधाबरोबर आंबट फळं वर्ज्य सांगितली आहेत आणि त्या यादीत डाळिंब आहे. ते मानणाऱ्यांचीही या रसाने सोय होते, कारण इथे दूधच नाही. राहिला प्रथिनांचा आक्षेप. तो खरा आहे. दही काढलं की प्रथिनं घटतात. भिजवलेले शेंगदाणे किंवा काजू वाटून घातले तर थोडी भरपाई होते, पूर्ण नाही. ज्याला प्रथिनंच हवीत त्याने शेजारी उसळीची वाटी घ्यावी. एका पेल्याने सगळं जेवण उरकावं हा हट्ट मला पटत नाही.

या सगळ्या युक्तिवादाचा खरा साक्षीदार सीताफळ. पाथर्डी-जामखेडकडच्या बालाघाटाच्या उतारांवर, जिथे माती वीतभर आणि पाऊस बेभरवशाचा, तिथे हे झाड तग धरून असतं. शेळ्याही त्याच्या पाल्याला तोंड लावत नाहीत. मूळचं अमेरिकेतलं हे झाड या डोंगरांत असं रुजलं की पलीकडच्या बीडच्या सीताफळाला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. फळ तयार होत आलं की खवल्यांमधल्या हिरव्या रेघा पांढरट-पिवळ्या होतात. त्याला डोळे उघडले म्हणतात. तिथून पुढे त्याला धीर नसतो. आज कडक, उद्या मऊ, परवा फुटलेलं. आत मात्र विकतच्या कुठल्याही क्रीमला लाजवील असा गर, आंबटपणा इतका कमी की थंड दूध निमूट सामावून घेतं. आच मात्र त्याला सोसत नाही. तापवलं की गर कडवट होतो, म्हणून जाणती माणसं रबडी पूर्ण निवल्यावरच तो मिसळतात. आणि मिक्सरही त्याला नको. बी फुटली तर ती विषारी. तिची पूड उवा मारायला वापरत आणि डोळ्यात गेली तर डोळ्याला इजा करते. तेव्हा गर चाळणीवर घेऊन बोटांनी हलकेच दाबायचा, बिया वर राहतात, खाली रवाळ साय जमते. ती दुधात चमच्याने ढवळली की झालं.

राहुरीच्या विद्यापीठाचा ‘फुले पुरंदर’ वाण फळाने मोठा, गराने भरपूर. बंगळूरच्या संस्थेतून आलेल्या ‘अर्का सहन’मध्ये बियाही मोजक्याच. गर काढून गोठवणाऱ्या कारखान्यांना हेच हवं, आणि पडत्या भावात माल फेकून द्यावा लागणाऱ्या शेतकऱ्यालाही. त्याबद्दल तक्रार करायची काहीच सोय नाही. तरीही खाण्यापुरतं माझं मत डोंगरातल्या लहान, बियाळ फळालाच. त्यात गर थोडा निघतो, पण प्रत्येक पाकळी बीवरून जिभेने सोडवून घ्यावी लागते, आणि घाईघाईने खाता येत नाही असं फळ बाजारात आता फारसं उरलेलं नाही.