वेलांटीची जागा

दादा वेलांटी आधी टाइप करायचा. 'किरण' लिहायचं तर आधी वेलांटीची कळ, मग क, मग र, ण. टायपिंगच्या क्लासात मराठी टंकलेखन यंत्रावर बोटं बसलेली. पुढे त्यानं डीटीपीचं दुकान टाकलं तेव्हा फॉन्टही त्याच धाटणीचा घेतला. रफार मात्र शेवटी. 'सूर्य'मधला य उमटला की वर रफार. जे डोळ्यांना डावीकडून उजवीकडे दिसतं, ते त्याच क्रमानं. लग्नपत्रिका, दिवाळी अंक, कुणाचा पहिलाच कवितासंग्रह, सगळं याच रीतीनं त्याच्या हातून बटर पेपरवर उतरलं.

तो गेल्यावर वहिनींनी त्याचा कॉम्प्युटर माझ्याकडे दिला. म्हणाल्या, "भाऊजी, यात त्यांनी स्वतःचंही काहीतरी लिहून ठेवलंय. मला वाचता येईल असं करून द्या."

फाइली माझ्या मशीनवर उघडल्या, तर नुसती रोमन अक्षरं, कंस, डॉलरच्या खुणा. मराठीचा मागमूस नाही. कारण त्या फाइलींत मराठी कधी नव्हतीच. कॉम्प्युटर अक्षर ठेवत नाही, आकडा ठेवतो. १९६३ साली अमेरिकेत ठरलेल्या आस्की या आकड्यांच्या संकेतात जागा १२८, त्याही सगळ्या इंग्रजीपुरत्या. पुढे एका बाइटमध्ये २५६ जागा झाल्या. आपल्या फॉन्टवाल्यांनी त्याच जागांवर देवनागरीचे तुकडे बसवले: बिनदांड्याचा ग, सुटा काना, वेलांटी, रफार. मशीनला वाटायचं इंग्रजी अक्षर आलं. पडद्यावर काना दिसायचा. प्रत्येक कंपनीची मांडणी निराळी, म्हणून फॉन्ट गेला की मजकूरही गेला.

युनिकोडनं हे मिटवलं. १९९१च्या पहिल्या आवृत्तीपासून देवनागरीला तिथे स्वतःची जागा आहे. क म्हणजे २३२५, ळ म्हणजे २३५५, कुठल्याही फॉन्टमध्ये, जगात कुठेही. र. कृ. जोशींनी घडवलेला 'मंगल' हा युनिकोड फॉन्ट विंडोज २०००बरोबर आला, तो दादानं मोठा करून कितीतरी वेळ पाहिला होता. पण काम जुन्या फॉन्टमध्येच चाललं. पानं मांडायच्या पेजमेकर सॉफ्टवेअरला युनिकोड कळत नव्हतं आणि छापखान्याला पेजमेकरच हवं होतं.

मॉनिटरच्या कडेला त्यानं एक पट्टी चिकटवली होती. निळ्या शाईत, बारीक अक्षरांत: द्ध, ह्म, श्च, आणि प्रत्येकापुढे चार आकडे. ऑल्ट दाबून ते आकडे मारले की ते जोडाक्षर उमटायचं. त्या पट्टीवरून आणि त्यानंच छापून घेतलेल्या जुन्या अंकांवरून भाच्यानं जुन्या आकड्यांना युनिकोडचे आकडे जुळवणारा तक्ता बनवला. फाइल त्यातून गेली आणि मजकूर समोर आला. आमच्या आजोळच्या विहिरीबद्दल लिहिलं होतं त्यानं.

मजकूर सगळा आला. तरी काहीतरी गेलंच. युनिकोड उच्चाराच्या क्रमानं चालतं: आधी क, म्हणजे २३२५, मग वेलांटी, २३६७. 'सूर्य'मध्ये र आधी, मग हलन्ताची खूण, मग य. रफार वर चढवायचा तो फॉन्टनं. हे योग्यच आहे. शोधता येतं, अकारविल्हे लावता येतं, दुसऱ्याच्या फोनवर वाचता येतं. पण दादाची बोटं ज्या क्रमानं पडली तो क्रम पुसला गेला.

एका जागी मात्र तक्ता अडला. 'वाङ्मय' शब्द फुटून आला होता. मूळ फाइल बघितली तर ङ्म त्याच्या फॉन्टमध्ये नव्हतंच. त्यानं ड घेतला होता, पुढे लहान केलेलं टिंब, मग म, आणि मधली अंतरं ओढून जुळवली होती. छापील पानावर हे सांधकाम ओळखूही येत नाही. लग्नपत्रिकेच्या भावात कोण एवढं करतं!

वहिनींना नवी फाइल दिली, ङ्म नीट करून. जुन्या फाइली त्यांच्या फॉन्टसकट तशाच ठेवल्या आहेत. आणखी एका फॉन्टमधला बराच मजकूर राहिलाय, त्याचा ना फॉन्ट आहे ना पट्टी. नव्वदच्या दशकात डीटीपी केलेल्या प्रत्येकाला मी सध्या विचारतो आहे.